शहागडच्या पुलाखालून जाणारी माती

सोलापूर–धुळे महामार्गाने जाताना शहागडला गोदावरी ओलांडावी लागते. उत्तरेला जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, दक्षिणेला बीडचा गेवराई. जूनच्या अखेरीस किंवा जुलैत दोन-तीन दणक्याचे पाऊस झाले की पुलाखालचं पाणी काळपट, घट्ट दिसतं. यात नवल ते काय, पावसाळ्यात नदी गढूळच असते, असं कुणीही म्हणेल. पण इथं एक कोडं आहे. वरच्या अंगाला पैठणला जायकवाडीचं धरण आहे. नाशिक-नगरकडून वाहत येणारा गाळ त्याच्या जलाशयात, नाथसागरात बसतो. शिवाय जून-जुलैत धरणाचे दरवाजे बहुधा बंद असतात. धरण भरलंच तर ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं. मग दरवाजे बंद असताना शहागडला वाहणारी माती कुणाची?

ती पैठणच्या खालची. पैठण, अंबड आणि गेवराई तालुक्यांतल्या रानांतून निघालेली, ओढ्या-नाल्यांनी नदीत आलेली. म्हणजे बाहेरची नव्हे, याच शिवारांची. आणि याच शिवारांतल्या घरांत नवरात्राच्या पहिल्या दिवशी शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरून तीत धान्य पेरतात, वर घट मांडतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात. जिला आई म्हणायचं तिला दरसाल नदीत जाऊ कसं देतात?

या प्रश्नाला ‘शेतकऱ्याला कळत नाही’ असं एक तयार उत्तर असतं. ते मला पटत नाही. ओढ्याच्या पाण्याचा रंग पाहून कुणाचं रान वाहिलं हे गावातला म्हातारा अचूक सांगतो. कळतं सगळं. पण चांगली शेती कशाला म्हणायची, न्याय्य वाटणी कशी असते, शेजाऱ्याशी किती संबंध ठेवायचा, याविषयी गावाच्या मनात जे ठरलेलं असतं त्यावर पाणी कुठून वाहणार हे ठरतं. ते कसं, हे समजायला आधी थेंबापासून सुरुवात करावी लागेल.

थेंब पडतो तेव्हा

वळवाच्या पावसाचा मोठा थेंब ताशी तीसएक किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या ढेकळावर तो पडला की ढेकूळ फुटतं आणि बारीक कण उडतात. मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी पावसानंतर चिखलाचे शिंतोडे दिसतात, ते याच माऱ्याचे. सुटलेले कण जमिनीच्या छिद्रांत बसतात आणि वर पातळ पापुद्रा तयार होतो. मग पाणी आत जाण्याऐवजी वरून चालू लागतं.

काळ्या मातीची यात आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, म्हणून पहिला पाऊस ती गटागटा पिते. पण तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात. डबा भरून कोरडे हरभरे भिजत घातले की ते फुगून मधल्या फटी बुजतात, तसंच मातीत होतं. भेगा मिटतात आणि आत पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम काही मिलिमीटरवर येतो, कधी त्याहून कमी. त्यानंतरचा जोराचा पाऊस बहुतेक वाहूनच जातो.

वाहणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची झिजवण्याची ताकद चौपट होते. म्हणून उतार थोडा असला तरी तो किती लांब आणि मधे अडथळे किती, याला महत्त्व आहे. आधी पातळ थर जातो, मग बोटभर ओघळी पडतात, ओघळींची घळ होते. पहिल्यांदा जातात ते सर्वांत बारीक आणि हलके कण. खत आणि कुजलेला पालापाचोळा त्यांनाच चिकटून असतो. सर्वांत कसदार भाग सर्वांत आधी जातो आणि मागे खडा, चुनखड, मुरूम उरतो.

किती जाते? एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर थर गेला तरी ती माती सुमारे दीड ब्रास भरते. देशभराचा सरासरी अंदाज 1983 साली शास्त्रज्ञांनी मांडला, तो वर्षाला हेक्टरी सोळा टनांच्या थोडा वर आहे. त्याचा थर मिलिमीटरहून थोडा जास्त होतो, डोळ्यांना जाणवतही नाही. नवा बोटभर थर तयार व्हायला मात्र शेकडो वर्षं लागतात.

लख्ख रान आणि सरळ तास

आता माणसांकडे येऊ. मराठवाड्यात कर्तबगार शेतकऱ्याची ओळख म्हणजे लख्ख रान. काडी नाही, कचरा नाही, तणाचं नाव नाही. ‘तण खाई धन’ ही म्हण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे आणि ती खोटी नाही. पण तिचा विस्तार असा झाला की शेतात पडलेली कुठलीही वाळकी गोष्ट आळशीपणाची खूण ठरली. म्हणून उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटून ढीग लावून पेटवतात, उसाचं पाचट जाळतात, वखराच्या पाळ्यांवर पाळ्या घालून रान भुसभुशीत करतात. शहागडच्या आसपासच्या कालव्याखालच्या ऊसपट्ट्यात पाचटाचा धूर दूरवरून दिसतो. मग जूनचा पहिला थेंब पडतो तो थेट उघड्या, मोकळ्या केलेल्या मातीवर. त्याला अंगावर घ्यायला पानही नसतं, काडीही नसते.

खोल काळ्या रानात एक जुनी रीतही होती. खरिपात रान मोकळं ठेवायचं, पावसाळाभर पाळ्या घालायच्या आणि आश्विनाच्या सुमारास रब्बीची ज्वारी पेरायची. तिला कारण होतं: चिखलात औत चालत नाही आणि खरिपाचं पीक पाण्यात बसतं. पण ऐन पावसात रान उघडं राही. हैदराबादजवळ पाटनचेरू इथल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने 1976 पासून अशा पद्धतीची सुधारित पद्धतीशी तुलना केली. रुंद वरंबे, मधे सऱ्या आणि खरीप-रब्बी दोन्ही हंगामांत जमिनीवर काही ना काही पीक. जुन्या पद्धतीत हेक्टरी सुमारे साडेसहा टन माती गेली, नव्या पद्धतीत दीड टनाच्या आसपास. धान्याचं उत्पादन एक टनावरून पाच टनांपर्यंत गेलं. परभणीचं कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद सरी-वरंब्याची शिफारस करतं, ती याच वाटेने आलेली. आज खरीप मोकळं ठेवणारे कमी उरलेत. पण कापसाची रोपं रान झाकेपर्यंत जुलै सरतो, आणि तोवरच नेमके जोरदार पाऊस होतात.

दुसरी प्रतिष्ठा सरळ तासाची. तिफणीमागे उभ्या माणसाचं कसब तास किती सरळ आला यावर मोजलं जातं. उताराला आडवं, समपातळीत पेरायचं तर तास वळणं घेतो आणि वाकडा दिसतो. रस्त्याने जाणारा हसतो. ही अडचण फक्त आपल्याकडची आहे असं समजू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या कून व्हॅलीत 1933 साली समपातळी शेतीचा पहिला मोठा सरकारी प्रयोग सुरू झाला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनाही वाकडे तास ओशाळवाणे वाटत. पुढच्या दोन वर्षांत धुळीच्या वादळांनी मैदानी राज्यं झोडपली, 1935 मध्ये मृद्‌संधारणाचा कायदा आला आणि वळणदार पट्टे हळूहळू शहाण्या शेतीची खूण ठरले. म्हणजे प्रतिष्ठा बदलते. कायद्यापेक्षा शेजाऱ्याच्या शेतातल्या पिकाने ती लवकर बदलते, एवढंच.

आपल्याकडेही बदल दिसतोय. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर अनेक वर्षं नांगरणीविना शेतीचा पुरस्कार करताहेत. मेलेल्या तणाची आणि पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यावीत, असं त्यांचं सांगणं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेली ‘एसआरटी’ पद्धत, म्हणजे कायमचे गादीवाफे आणि मशागत नाही, राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पातून मराठवाड्यातही आली. पहिल्या वर्षी अशा रानाला बांधावरून जाणारे नावं ठेवतात. दुसऱ्या वर्षी डिझेलच्या खर्चाची चौकशी करतात.

वाटणीचा न्याय, उताराची शिक्षा

बापाच्या मागे तीन भावांत वाटणी होते. रान उताराचं, वर बरड, मधे मध्यम, खाली ओढ्याजवळ काळीभोर जमीन. आडवे तीन तुकडे केले तर एकाला सगळं बरड, एकाला सगळं चांगलं. कुणीही ते मान्य करणार नाही. म्हणून पंच उभे पट्टे पाडतात: प्रत्येकाला थोडं बरड, थोडं काळं. न्याय म्हणून याला तोड नाही.

पण उभा पट्टा लांब आणि अरुंद असतो. त्यात आडवं औत किंवा ट्रॅक्टर चालवायचं तर दर पंचवीस-तीस पावलांवर वळावं लागतं. वेळ जातो, डिझेल जातं. साहजिकच नांगर लांबीला, म्हणजे उताराच्या दिशेने चालतो, आणि प्रत्येक तास पाण्याला खाली पळायला मोकळी वाट करून देतो. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. पट्टे जितके अरुंद झाले तितकी उभी नांगरट पक्की झाली. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. पण वाटणीचं मन कायद्याने आडवं होत नाही. ठोक्याने किंवा बटईने दिलेल्या रानाचं तर विचारूच नका. पुढच्या साली आपल्याकडे असेल-नसेल अशा जमिनीचा उतार कोण दुरुस्त करणार?

बांध: सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही

मातीचं खरं रणांगण म्हणजे बांध. तो चांगला असला तर वरच्या रानातून आलेली माती त्याच्या पोटाशी बसते. म्हणून जुन्या बांधाच्या वरच्या अंगाला रान उंचावलेलं आणि खालच्या अंगाला कमरेएवढं खाली गेलेलं दिसतं. बांधावर मारवेल, पवन्यासारखं गवत, एखादा लिंब, बोर, बाभूळ. पूर्वी घराघरांत म्हैस, शेरडं होती तेव्हा हा बांध बायकांच्या हातात असे. त्या गवत कापून नेत, पण मुळासकट उपटत नसत, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा लागणार. तांदुळजा, कुंजीर, पाथरी या भाज्याही तिथून येत. मृद्‌संधारणाच्या पुस्तकात या कामाला नाव नाही, पण ते होत होतं. जनावरं कमी झाली आणि बांधाचा रोजचा उपयोग संपला. आता गवतावर तणनाशक फवारतात. उघडा बांध पहिल्या मोठ्या पावसातच खचतो.

याच्या जोडीला बांध कोरण्याची सवय. दरसाल फाळाएवढी पट्टी आपल्या रानात घ्यायची. शेजारीही तेच करतो. दहा-पंधरा वर्षांत दोन फुटांचा बांध वीतभर उरतो. यात लोभ आहेच, पण भीती जास्त आहे: मी थांबलो आणि तो कोरत राहिला तर? बांधाची मोजणी, तंटा, कोर्टाच्या तारखा यांत दोन पिढ्या गेलेली घरं प्रत्येक गावात सापडतात. अशा बांधावर कुणी स्वतःच्या खर्चाने दगड लावत नाही, झाड लावलं तर सावलीवरून भांडण. माती अडवायची तर हद्द निर्विवाद लागते, आणि हद्द निर्विवाद व्हायला शेजाऱ्यावर भरवसा लागतो. मातीच्या धुपेचा इतका मोठा भाग माणसांमधल्या अविश्वासाशी जोडलेला असेल, हे कुठल्याही प्रयोगशाळेत कळणार नाही.

एक गोष्ट मात्र बांध कितीही पक्का केला तरी सुटत नाही, ती म्हणजे जादा पाणी. वरच्या रानात पाणी तुंबलं की पीक पिवळं पडतं. मग मालक रात्री बांधाला कुदळ मारतो आणि पाणी खाली सोडतो. खालचाही तेच करतो. सगळ्यांच्या फोडलेल्या बांधांतून पाणी एकत्र होऊन ओढ्यापर्यंत घळ पाडतं. यावर जुना उपाय आहे सांडवा: बांधात ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर दगड रचून पाण्याला वाट द्यायची. पाणी जातं, माती राहते. सांडव्याला लागतात चार-दोन बैलगाड्या दगड आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांचं एकमत. दगड मिळतात.

---
चौकट: रान वाहतंय का, हे कसं ओळखाल?

पहिल्या जोरदार पावसानंतर शेताच्या खालच्या कोपऱ्यात जा. बाहेर पडणारं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी बसलेला थर म्हणजे तुमचं खत.

झाडांच्या बुडाशी मुळं उघडी पडली असतील, दगड एका छोट्या मातीच्या खांबावर उभे दिसत असतील, तर तेवढी माती आजूबाजूने गेली आहे.

काळ्या रानात मधेच पांढरट, चुनखडीचे ठिपके दरसाल वाढत असतील, तर वरचा थर संपत आलाय.

बांधाला कुठे चीर किंवा उंदराचं बीळ आहे का, ते मे महिन्यातच बघा. फुटण्याची सुरुवात तिथून होते.
---

सरकारी बांधाचं काय झालं

पाणी आणि माती अडवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सरकारला सुचवलं होतं की लष्करातल्या व पोलिसातल्या शिपायांकडून जागोजागी ताली, बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेतांत मुरून मग नदीला मिळेल. डोंगरउतारावरचा पालापाचोळा आणि शेण पूर्वी वाहून शेतात येई व जंगलखात्याने तो मार्ग बंद केला, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

काम मोठ्या प्रमाणावर झालं ते 1972 च्या दुष्काळात. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि खडी फोडण्याबरोबर समपातळी बांधबंदिस्तीचं कामही निघालं. पोटाला आधार मिळाला. पण हे बांध समान उंचीच्या रेषेवर घातलेले, त्यामुळे ते शेतांच्या हद्दींना तिरके कापत गेले. एकाच्या रानाचे दोन तिकोनी तुकडे, औत फिरवायला जागा नाही, आणि बांधाची जागा गेली ती वेगळीच. खोल काळ्या मातीत बांधामागे पाणी साचलं, उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडल्या, पुढच्या पावसात तिथेच तो फुटला. अनेकांनी ते बांध नांगरून टाकले.

तेव्हा अधिकाऱ्यांनी हा अडाणीपणा ठरवला. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी 1992 मध्ये भारतातल्या कोरडवाहू भागांतल्या देशी मृद्‌संधारणाचा अभ्यास मांडला, त्यातून दुसरी बाजू पुढे आली. शेतकरी माती अडवतच होते, पण आपल्या हद्दीच्या बांधावर, आपल्या सवडीने, दरवर्षी थोडं थोडं. आणि वरून वाहून आलेली माती आपल्या कोपऱ्यात धरायला त्यांना आवडत होतं. शास्त्राची रेषा बरोबर होती, पण ती ज्या रानातून जाणार होती त्याच्या मालकाला विचारलेलं नव्हतं. गावात अजून ‘तो सरकारी बांध’ असं म्हणतात. ज्या बांधाला सरकारी म्हटलं जातं त्याची डागडुजी कुणी करत नाही.

नदी देते, हा जुना हिशेब

गोदाकाठाला आणखी एक समजूत आहे, आणि मला वाटतं शहागडच्या कोड्याचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. नदीकाठच्या माणसासाठी माती ही येणारी वस्तू होती. पूर ओसरला की काठावर गाळाचा थर, त्यावर खताशिवाय जोमदार पीक. वरच्याची गेली ती खालच्याला मिळाली, यात तक्रार कसली? ‘पाऊस झाला की माती जाणारच’ हे वाक्य इथं बेफिकिरीने म्हटलं जात नाही. ते अनुभवाने आलेलं आहे.

पण जायकवाडीचं काम 1965 मध्ये सुरू झालं, 1976 मध्ये उद्घाटन झालं आणि हा हिशेब बदलला. वरचा गाळ आता नाथसागराच्या तळाशी बसतो. धरणातून सुटणाऱ्या पाण्यात पूर्वीसारखा गाळ नसतो, आणि गाळाचं ओझं नसलेलं पाणी काठ कातरायला अधिक मोकळं असतं. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस धरणातून 3 लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांची रानं मुरमापर्यंत खरडून गेली. राज्य सरकारने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाख रुपयांची कामं जाहीर केली. ही रक्कम कमी की जास्त यावर वाद होईल. पण मातीला पिकाहून वेगळी किंमत लागली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

धरणाच्या गाळाचं मोल मात्र शेतकऱ्याला नेमकं कळतं. 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हा लोकांनी स्वतः ट्रॅक्टरचं भाडं भरून तलावातला गाळ रानात नेला. गंमत अशी की हा गाळ म्हणजे त्यांच्याच शिवारांतून काही वर्षांपूर्वी गेलेली माती. ती परत आणायला माणूस ट्रॉलीमागे पैसे मोजतो. ती जाऊ नये म्हणून सांडवा रचायला मात्र शेजाऱ्याच्या दारात जायला कचरतो.

जिथे जमलं

जालना तालुक्यातलं कडवंची हे याच जिल्ह्यातलं उदाहरण. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने तिथे 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला गेला. या कार्यक्रमाची अट अशी होती की गावाने आधी एकत्र यावं, मजुरीचा काही हिस्सा श्रमदानातून द्यावा, मोकाट चराई आणि झाडतोड थांबवावी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम झालं, शेतांत हद्दींचा विचार करून बांध पडले, पुढे शेततळी आली आणि गाव द्राक्षांसाठी ओळखलं जाऊ लागलं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारलाही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांना आधी ग्रामसभेत मान्यता मिळाली, मग खोदकाम. पाणी फाउंडेशनने 2016 पासून गावागावांत स्पर्धा लावली, तेव्हा मराठी गावाच्या ईर्ष्येचा चांगला उपयोग झाला. या सगळ्यांतलं तांत्रिक काम सरकारी बांधांहून फार वेगळं नव्हतं. फरक होता तो हद्दीपलीकडच्या माणसाशी बोलणं आधी झालं की नंतर, यात.

या उन्हाळ्यात पाऊस लागण्याआधी एक काम करून बघा. वरच्या आणि खालच्या रानाच्या मालकांना सोबत घेऊन बांधावरून एक फेरी मारा, पाणी दरसाल कुठून फुटतं ती जागा तिघांनी मिळून ठरवा आणि तिथे दगडी सांडवा रचा. बांधावर मारवेल किंवा वाळ्याचे ठोंब लावा, पऱ्हाट्या पेटवायच्या आधी बारीक करून रानात पसरता येतात का ते विचारा. आणि तुकडा फार अरुंद नसेल तर या वर्षी पेरणी आडवी करा. तास वाकडा आला तरी चालेल.